दुग्धशेतीचे सांडपाणी आणि नद्यांचे रक्षण : न्यूझीलंडमधील नियमन

विषयाची व्याप्ती

दुग्धव्यवसायातून होणाऱ्या जलप्रदूषणाचे उगम दोन : दुधावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि जनावरे जिथे पाळली जातात ती शेते. कारखान्याचे सांडपाणी ठरावीक नळातून बाहेर पडते, त्यामुळे त्यावर लक्ष ठेवणे तुलनेने सोपे जाते. शेतावरचे शेण, मूत्र आणि धुण्याचे पाणी मात्र अनेक वाटांनी ओढ्यांत आणि भूजलात उतरते. या दुसऱ्या प्रकारच्या नियमनाचा दीर्घ अनुभव न्यूझीलंडकडे आहे. तिथे दुभत्या गायी बहुतांश वर्षभर उघड्या कुरणांत चरतात. १९९०-९१ मध्ये त्यांची संख्या सुमारे २४ लाख होती. २०१४-१५ मध्ये ती ५० लाखांवर गेली. दुधाचा फार मोठा भाग भुकटी, लोणी आणि चीज यांच्या रूपाने निर्यात होतो. या वाढीच्या मागोमाग नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. प्रत्येक टप्प्याने प्रदूषणाची एक वाट अडवली आणि त्याच वेळी पुढची वाट उघडकीस आणली.

सांडपाण्याचे घटक

यंत्राने दूध काढण्यासाठी गायींना सामान्यतः दिवसातून दोनदा एका शेडमध्ये आणतात. तिथल्या काँक्रीटच्या अंगणात पडलेले शेणमूत्र आणि फरशी व यंत्रे धुतलेले पाणी मिळून सांडपाणी तयार होते. आराखडे करताना दर गायीमागे रोज ५० लिटर असा ढोबळ हिशेब धरण्याची जुनी पद्धत आहे. त्यानुसार ४०० गायींच्या शेतावर रोज २०,००० लिटर सांडपाणी निघते. त्यात पाण्याचा अंश सर्वाधिक असतो. उरलेल्या भागात सेंद्रिय पदार्थ, नत्र, स्फुरद, पालाश, आतड्यांतील जंतू आणि थोडे सांडलेले दूध असते. जंतू वगळता यांतले बहुतेक घटक कुरणाला खत म्हणून हवे असतात. पदार्थ तोच राहतो. तो कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात पडतो यावर त्याचे खत होणे किंवा प्रदूषक होणे ठरते.

पाण्यावरील परिणाम

सेंद्रिय पदार्थ पाण्यात मिसळले की जिवाणू ते कुजवताना विरघळलेला प्राणवायू वापरतात. या वापराचे माप म्हणजे प्राणवायूची जैवरासायनिक मागणी, अर्थात बीओडी. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम असतो. दूध काढण्याच्या शेडमधील धुण्याच्या पाण्याचा साधारण १,००० ते २,०००, पातळ शेणाचा १०,००० ते २०,००० आणि निव्वळ दुधाचा एक लाखाहून अधिक असतो. म्हणूनच ओढ्यात सांडलेले थोडे दूधही मासे मारू शकते. सांडपाण्यातील अमोनिया माशांना थेट विषारी असतो. नत्र आणि स्फुरद यांमुळे शेवाळ माजते. ते रात्री प्राणवायू खाते आणि मेल्यावर कुजताना पुन्हा त्याची टंचाई निर्माण करते. आतड्यांतील जंतूंमुळे पाणी पोहण्यास व पिण्यास अयोग्य होते. भूजलात नायट्रेट वाढले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो.

दोन वाटा

नियमनाच्या दृष्टीने प्रदूषणाचे दोन वर्ग पडतात. एका निश्चित नळातून, चरातून किंवा हौदातून येणारे ते बिंदुस्रोत प्रदूषण. विस्तीर्ण जमिनीवरून वाहत किंवा मातीतून पाझरत येणारे ते विखुरलेले प्रदूषण. पहिल्याचा नमुना घेता येतो, मोजमाप करता येते, जबाबदार व्यक्ती ठरवता येते. दुसऱ्याचा अंदाज बांधावा लागतो. गाय दिवसातले काही तासच शेडमध्ये असते, त्यामुळे तिच्या एकूण शेणमूत्राचा साधारण दहावा हिस्सा अंगणात पडतो आणि बाकीचा सारा कुरणात. सांडपाण्याचे नियम या दहाव्या हिश्शापासून सुरू झाले, कारण डोळ्यांना दिसणारा आणि हाती लागणारा भाग तेवढाच होता.

दोन तळ्यांची पद्धत

१९७० च्या दशकापासून न्यूझीलंडमध्ये सांडपाण्यासाठी दोन तळी खणण्याची पद्धत रूढ झाली. पहिले तळे खोल असते. त्याच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही आणि त्याविना जगणारे जिवाणू घन पदार्थ कुजवतात. दुसरे तळे उथळ व पसरट असते. सूर्यप्रकाश, शेवाळ आणि हवा यांच्या साहाय्याने तिथे उरलेले विघटन होते. त्यानंतरचे पाणी ओढ्यात सोडले जाई. या पद्धतीने बीओडी आणि गाळ मोठ्या प्रमाणात कमी झाले. ती स्वस्त होती आणि तिला वीज फारशी लागत नसे. परंतु नत्र, स्फुरद आणि जंतू यांचा बराच भाग तळ्यांतून तसाच पुढे जाई. पाणी दिसायला निवळे, पण त्यातील पोषकद्रव्यांचा भार ओढ्यालाच सोसावा लागे.

कायद्याची चौकट

१९९१ चा संसाधन व्यवस्थापन कायदा हा या नियमनाचा पाया आहे. त्याच्या कलम १५ नुसार कोणतेही प्रदूषक द्रव्य पाण्यात, किंवा पाण्यापर्यंत पोहोचू शकेल अशा रीतीने जमिनीवर, सोडण्यास मनाई आहे. नियमाने किंवा परवान्याने मुभा दिली असेल तरच ते सोडता येते. म्हणजे मनाई हा मूळ नियम आणि परवानगी हा अपवाद. अंमलबजावणीची जबाबदारी प्रादेशिक परिषदांकडे आहे. १९८९ च्या पुनर्रचनेत या परिषदांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटानुसार आखल्या गेल्या. वरच्या अंगाला सांडपाणी सोडणारा आणि खालच्या अंगाला पाणी वापरणारा हे दोघे त्यामुळे बहुधा एकाच परिषदेच्या कक्षेत येतात. मर्यादा अशी की प्रत्येक परिषदेची नियमावली स्वतंत्र आहे. वायकाटो, कँटरबरी आणि साउथलंड या तीन दुग्धप्रदेशांत सारख्याच शेताला वेगवेगळ्या अटी लागू होऊ शकतात.

जमिनीवर सिंचन

पाण्यात सोडण्याऐवजी सांडपाणी कुरणावर फवारणे हा नियमनाचा दुसरा टप्पा. माती गाळणीचे काम करते, जिवाणू विघटन करतात आणि गवत पोषकद्रव्ये शोषते. अनेक परिषदांनी ओढ्यात सोडण्यासाठी स्वतंत्र परवाना बंधनकारक ठेवला, मात्र जमिनीवर देण्यास ठरावीक अटींवर सरसकट मुभा दिली. त्यामुळे बहुतांश शेतकरी आपसूक सिंचनाकडे वळले. वायकाटोच्या नियमानुसार एका वेळी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त थर देता येत नाही आणि चराऊ कुरणाला सांडपाण्यातून वर्षाला हेक्टरी १५० किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. या आकड्यांतून आवश्यक क्षेत्र काढता येते. ४०० गायी, रोजचे २०,००० लिटर आणि दुधाचे २७० दिवस धरले तर वर्षाला ५४ लाख लिटर सांडपाणी होते. लिटरला ४०० मिलिग्रॅम नत्र धरल्यास ते २,१६० किलो भरते, म्हणजे किमान १४ ते १५ हेक्टर कुरण त्यासाठी राखावे लागते.

साठवण आणि वाफसा

सिंचनाचे यश मातीतील ओलाव्यावर अवलंबून असते. जमिनीत पाणी सामावण्याइतकी जागा असेल तरच सांडपाणी मुळांच्या थरात थांबते. पावसाने जमीन तुडुंब भरलेली असताना दिलेले सांडपाणी पृष्ठभागावरून वाहून जाते किंवा जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून थेट ओढ्यात उतरते. वाफसा येईपर्यंत सांडपाणी तळ्यात साठवावे आणि ओलाव्याची तूट निर्माण झाल्यावरच द्यावे, ही पद्धत मॅसी विद्यापीठातील संशोधनातून पुढे आली. या पद्धतीनुसार साठवण तळ्याचा आकार स्थानिक पाऊस, मातीचा प्रकार आणि गायींची संख्या पाहून ठरतो. वरील शेतावर सलग ४० दिवस सिंचन करता आले नाही, तर ८ लाख लिटरची साठवण लागेल. तळ्यात पडणाऱ्या पावसासाठी आणखी जागा ठेवावी लागेल. तळ्याला गळती असेल तर मात्र उद्देशच हरतो, म्हणून तळाला चिकणमातीचा घट्ट थर किंवा प्लास्टिकचे अस्तर आवश्यक असते. हा खर्च मोठा असून निचरा कमी असलेल्या पावसाळी प्रदेशात तो सर्वाधिक येतो.

तपासणी आणि दंड

नियमांचे पालन पाहण्यासाठी परिषदांचे अधिकारी शेतांना भेटी देतात. वायकाटोमध्ये हेलिकॉप्टरमधूनही पाहणी झालेली आहे, कारण तुंबलेले कुरण आणि भरून वाहणारे तळे आकाशातून चटकन ओळखू येते. उल्लंघनाच्या गांभीर्यानुसार समज, सुधारणा-नोटीस, जागेवरचा दंड आणि खटला अशा पायऱ्या आहेत. २००९ च्या दुरुस्तीने कमाल दंड व्यक्तीसाठी तीन लाख आणि कंपनीसाठी सहा लाख न्यूझीलंड डॉलर करण्यात आला होता. खटला चालवणाऱ्या परिषदेला दंडाचा ९० टक्के हिस्सा मिळतो, त्यामुळे कारवाईचा खर्च काही अंशी भरून निघतो. तपासणीचा दोष एवढाच की ती एका दिवसाची स्थिती दाखवते. वर्षभरात मातीतून काय पाझरले ते तिला दिसत नाही.

ओढ्यांना कुंपण

गायी ओढ्यात उतरल्या की शेणमूत्र थेट पाण्यात पडते आणि खुरांनी काठ ढासळून गाळ वाढतो. २००३ मध्ये फॉन्टेरा ही दुग्ध सहकारी संस्था, सरकारी खाती आणि प्रादेशिक परिषदा यांच्यात स्वच्छ ओढ्यांसाठी ऐच्छिक करार झाला. घोट्यापेक्षा खोल, ढांगेपेक्षा रुंद आणि बारमाही वाहणाऱ्या ओढ्यांपासून गायी दूर ठेवाव्यात, असे त्याचे उद्दिष्ट होते. कुंपणे झपाट्याने वाढली. मात्र शेतकऱ्यांनी स्वतः दिलेली माहिती आणि स्वतंत्र तपासणी यांत मोठी तफावत आढळली. शिवाय करारातील व्याख्येमुळे लहान ओहोळ सुटून गेले, आणि मोठ्या नदीत पाणी येते ते अशा असंख्य ओहोळांतूनच. २०२० च्या नियमांनी कुंपण कायद्याने बंधनकारक केले. एक मीटरपेक्षा रुंद प्रवाहापासून दुभती जनावरे दूर ठेवावी लागतात आणि काठापासून सामान्यतः तीन मीटर पट्टा मोकळा सोडावा लागतो. गवताळ पट्टा वाहत येणारी माती व तिला चिकटलेले स्फुरद अडवतो. पाण्यात विरघळून जमिनीखालून जाणारे नायट्रेट त्याला फारसे अडवता येत नाही.

मूत्राचे ठिपके

नायट्रेटचा मुख्य उगम कुरणात आहे. गाय ज्या लहानशा जागी मूत्र सोडते, तिथे नत्राचे प्रमाण हेक्टरी हिशेबाने १,००० किलोपर्यंत जाऊ शकते. वर्षभरात गवताला लागणाऱ्या नत्रापेक्षा ते कितीतरी जास्त असते. मूत्रातील युरियाचे मातीत आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही. शरद ऋतूनंतर गवताची वाढ मंदावते, हिवाळी पाऊस सुरू होतो आणि उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली जाते. कँटरबरीच्या खडकाळ, पाणी झरझर खाली सोडणाऱ्या मैदानात हा वेग अधिक आहे. सांडपाण्याचा प्रत्येक थेंब नियमानुसार हाताळला तरी हा नऊ दशांश भाग नियमांच्या जाळ्याबाहेर राहतो.

उपाय आणि त्यांचे परस्परसंबंध

डीसीडी हे नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावणारे रसायन काही वर्षे कुरणांवर वापरले गेले. दुधात त्याचे सूक्ष्म अंश सापडल्यावर २०१३ च्या आरंभी ते बाजारातून मागे घेण्यात आले. दुसरा उपाय इसबगोलाच्या कुळातील प्लँटेन ही चाऱ्याची वनस्पती. ती खाल्ल्याने मूत्र अधिक पातळ होते आणि प्रत्येक ठिपक्यातील नत्र घटते. तिसरा उपाय म्हणजे हिवाळ्यात गायींना काही तास कुरणाबाहेर, छताखाली किंवा भुशाच्या थरावर ठेवणे. यात विखुरलेले प्रदूषण गोळा होऊन पुन्हा बिंदुस्रोत बनते. कुरणातला पाझर कमी होतो, पण साठवण तळे मोठे लागते आणि सिंचनाचे क्षेत्र वाढवावे लागते. एका नियमाचे पालन अशा रीतीने दुसऱ्या नियमाचा भार वाढवते. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय निव्वळ फायदा कळत नाही.

ताउपो सरोवर : नत्राची कमाल मर्यादा

ताउपो हे देशातील सर्वांत मोठे सरोवर नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पाणलोटात दुग्धशेती थोडी आणि मेंढ्या व मांसासाठीची गुरे जास्त. तरीही जनावरांच्या मूत्रातील नत्राचा प्रश्न तोच. वायकाटो परिषदेने इथे शेतातून पाझरणाऱ्या नत्रावर कमाल मर्यादा घातली. २००१ ते २००५ या काळातील नोंदींवरून प्रत्येक शेताचा वाटा ठरला आणि तो शेतकऱ्यांना आपसांत विकत घेण्याची व विकण्याची मुभा मिळाली. सार्वजनिक निधीतून एक न्यास स्थापून नत्राचे हक्क कायमचे विकत घेण्यात आले. नियंत्रणात आणता येण्याजोगे नत्र २० टक्क्यांनी घटवणे हे उद्दिष्ट होते. विखुरलेल्या प्रदूषणावर अशी व्यापारक्षम मर्यादा घालण्याचा हा जगातील पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. त्यावर एक आक्षेप कायम आहे : पूर्वी जास्त नत्र सोडणाऱ्याला जास्त वाटा मिळाला, तर ज्याने जमीन कमी वापरली त्याच्या वाट्याला कमी हक्क आले.

गणिती प्रारूप

शेतातून पाझरणारे नत्र प्रत्येक ठिकाणी मोजणे अशक्यप्राय असल्याने ‘ओव्हरसीअर’ हे संगणकीय प्रारूप वापरात आले. गायींची संख्या, चारा, खत, माती आणि पाऊस यांची माहिती भरली की ते दर हेक्टरी वार्षिक गळतीचा अंदाज देते. मुळात ते खत-नियोजनासाठी तयार झाले होते. पुढे अनेक परिषदांनी त्याचे आकडे परवान्यांच्या अटींत घातले. सरकारने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये त्याच्या रचनेतील उणिवा दाखवल्या आणि त्याच्या अंदाजांवर नियमनासाठी विसंबण्याबाबत गंभीर शंका व्यक्त केली. ज्याचे मापन होत नाही त्याचे नियमन अंदाजावर उभे राहते, आणि अंदाज डळमळला की त्यावर आधारलेली अटही वादात सापडते.

२०२० चे राष्ट्रीय मापदंड

२०२० मध्ये गोड्या पाण्यासाठी देशव्यापी नियम आले. नदीतील नायट्रेट-नत्राचे वार्षिक मध्यक मूल्य लिटरला २.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असे ठरले. पूर्वीची मर्यादा ६.९ होती. न्यूझीलंडमध्ये पिण्याच्या पाण्याची मर्यादा ११.३ मिलिग्रॅम आहे. माणसाला पिण्यास चालणारे पाणी जलचरांना मात्र बाधक ठरू शकते, हे २.४ आणि ११.३ या आकड्यांतील अंतर सांगते. कुरणांवर कृत्रिम नत्रखताची कमाल मर्यादा वर्षाला हेक्टरी १९० किलो ठरली आणि ती जुलै २०२१ पासून लागू झाली. खत ही खरेदीच्या पावतीवरून पडताळता येणारी गोष्ट असल्याने ही अट प्रारूपावर अवलंबून नाही. ‘ते माना ओ ते वाई’ या माओरी संकल्पनेनुसार पाण्याचे आरोग्य प्रथम, माणसाच्या आरोग्याच्या गरजा नंतर आणि अन्य उपयोग शेवटी, असा क्रमही धोरणात आला. २०२४ च्या दुरुस्तीने वैयक्तिक परवान्यांचा निर्णय करताना हा क्रम विचारात घेण्याची अट काढून टाकली. जलधोरण सरकारबरोबर बदलते. शेतावरची तळी आणि कुंपणे मात्र अनेक वर्षांसाठी बांधली जातात.

परिणाम दिसण्यातील विलंब

मातीत शिरलेले नायट्रेट झऱ्यात उतरायला काही महिने ते अनेक दशके लागतात. ताउपो आणि रोटोरुआ परिसरातील ज्वालामुखीय खडकांत भूजल फार सावकाश सरकते. काही झऱ्यांतून आज वाहणारे पाणी कित्येक दशकांपूर्वी जमिनीत मुरलेले आहे. त्यामुळे शेतकऱ्याने आज सुधारणा केली तरी सरोवरातील नत्र काही काळ वाढतच राहू शकते. नियमाचे यश फक्त नदीच्या नमुन्यांवरून ठरवणे म्हणून दिशाभूल करणारे ठरते. शेतातील बदल आणि नदीतील बदल या दोन्हींच्या स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात.

भारतातील स्वरूप

भारतात बहुतेक दुभती जनावरे दावणीला बांधलेली असतात, त्यामुळे शेणमूत्र एकाच जागी साचते. खेड्यात त्याचा मोठा भाग शेणखत, गोवऱ्या आणि गोबरगॅस यांत वापरला जातो. शहरात जमीन नसलेल्या तबेल्यांत तो नाल्यांत जाण्याचा धोका असतो. मुंबईतील तबेले शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. कायद्याचा आधार १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा व गोशाळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. इथला प्रश्न मुख्यतः बिंदुस्रोताचा आहे, म्हणजे न्यूझीलंडने जो टप्पा आधी हाताळला तो. सिंचनासाठी लागणारी जमीन तबेल्याजवळ नसणे ही इथली खरी अडचण.

नियमनाची पोहोच

तत्कालीन संसदीय पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनी २०१३ च्या अहवालात स्फुरद आणि नत्र यांतील भेद स्पष्ट केला. स्फुरद बहुतांशी मातीबरोबर वाहते, म्हणून कुंपण, काठावरची झाडे आणि योग्य सिंचन यांनी ते बरेच रोखता येते. नत्र विरघळून जाते आणि त्याचे प्रमाण मुख्यतः जमिनीच्या वापरावर ठरते. न्यूझीलंडच्या तीन दशकांच्या अनुभवाचा निष्कर्षही हाच आहे. तळी, पंप आणि तपासणी यांनी सांडपाण्याची वाट बंद होते. मूत्रातून पाझरणारे नत्र कमी करायचे तर दर हेक्टरी गायी किती, त्यांचा चारा कोणता आणि खत किती, या प्रश्नांपर्यंत नियमाला जावे लागते. हे प्रश्न उत्पन्नाशी आणि जमिनीच्या किमतीशी जोडलेले आहेत, म्हणून त्यांवरील नियम तळ्यांच्या नियमांइतक्या सहजपणे स्वीकारले जात नाहीत.